आरशांच्या गाडीचा रोटर

आधीच सांगून ठेवतो, यातलं एक अक्षरही तुम्हाला पटणार नाही. माझ्या बायकोला माझं काही कधी पटलं नाही, आणि तिने तर माझ्याशी लग्न केलं होतं, म्हणजे पटवून घ्यायची तिची तयारी किती होती बघा. तरीही सांगतो. कारण ज्या गाडीची ही गोष्ट आहे ती परवा दुपारपर्यंत शेडमध्ये उभी होती, आणि ज्या तिघांसमोर मी ती सांगितली ते तिघेही धडधाकट आहेत. हवं तर त्यांना विचारा.

गाडी म्हणजे व्हॅन. बुटकी, गोल नाकाची, समोरून पाहिलं तर वाटावं की ही आत्ता काहीतरी बोलेल. मी आणि माझा धाकटा भाऊ, आम्ही दोघांनी मिळून घेतली तेव्हाच ती जुनी होती. आमचा धंदा काचेचा. खिडक्यांची तावदानं, दुकानांच्या दर्शनी काचा, आणि मुख्य म्हणजे आरसे. व्हॅनच्या एका कुशीला बाहेरून आम्ही तिरपी लाकडी चौकट ठोकली होती. तिच्यावर मोठा आरसा टेकवून निघालो की अख्खी गल्ली आमच्याबरोबर चालायची. एकदा एका घोड्याने त्यात स्वतःला पाहिलं आणि चार चौक तो आमच्या मागे आला. शेवटी धाकट्याने खाली उतरून त्याची समजूत घातली तेव्हा परत गेला.

हे ऐकून ठोक्या हसला. ठोक्या म्हणजे पत्र्याचं काम करणारा. व्हॅनचा गंजलेला पत्रा त्यानेच ठोकून सरळ केला, दीड महिना. त्याचं म्हणणं पडलं की घोडा खरा असेल, पण धाकट्या काकांनी समजूत घातली हे काही खरं नाही, ते कुठे बोलायचे. मी म्हटलं, म्हणूनच घोड्याला पटलं.

काच उचलायची आमची एक रीत होती, ती समजून घ्या. मोठा आरसा आडवा धरून दोघांनी न्यायचा. एकाने सरळ चालायचं, तो 'डोळा'. दुसऱ्याने उलटं चालायचं, तो 'पाठ'. पाठीने वळून बघायचं नाही. मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की काच तडकते. पाठीने फक्त ऐकायचं, आणि डोळ्याने बोलायचं: उंबरा, डावीकडे, थोडं खाली, पायरी. मी जन्माचा बडबड्या, म्हणून मी डोळा. धाकटा माझं ऐकतच मोठा झालेला, म्हणून तो पाठ. एकवीस वर्षं तो माझ्या जिभेच्या भरवशावर उलटा चालला. किती जिने, किती बोळ, एकदा तर दोन हौदांच्या मधल्या भिंतीवरून. एकदाही त्याने मागे पाहिलं नाही.

दुसरी रीत रोटरची. रोटर म्हणजे अंगठ्याएवढी काळी टोपी, डोक्यावर पितळी पट्टी. इंजिनाशेजारच्या डबीत ती गरगर फिरते आणि पत्ते वाटावेत तशी चारही सिलिंडरांना आळीपाळीने ठिणगी वाटते. ती काढून घेतली की गाडी म्हणजे नुसतं पत्र्याचं कपाट. आमच्या व्हॅनची कुलपं शिंकेनेही उघडायची, म्हणून संध्याकाळी जो गाडी लावेल त्याने रोटर काढून खिशात घालायचा. आणि सकाळी ज्याच्या खिशात रोटर, त्याच्या दारात दुसऱ्याने यायचं. हा नियम धाकट्याने केलेला. नियम तो करायचा, मी फक्त मोडायचो.

मग एका दुपारी आरसा फुटला आणि धाकट्याचा उजवा हात गेला. गेला म्हणजे जागेवर राहिला, पण बोटं कायमची उघडी. मूठ म्हणून मिटेना. त्याला दवाखान्यात मीच नेलं, त्याच व्हॅनमधून. तो शेजारी बसलेला, हात माझ्या शर्टात गुंडाळलेला, आणि तोच मला सांगत होता, दादा, सावकाश, पुढे खड्डा आहे. नंतर गाडी त्याच्या घरामागच्या अंगणात लावली. त्या गडबडीत रोटर कुठे पडला, देव जाणे.

दोन महिन्यांनी, रविवारी सकाळी, धाकटा माझ्या दारात. म्हणाला, दादा, रोटर दे. गाडी डाव्या हाताने चालवीन, काच धरायला कुणाला तरी बरोबर घेईन. मी म्हटलं, रोटर हरवला. तो म्हणाला, बरं, मग शोध. आणि चहा पिऊन गेला.

आता गंमत अशी, की आमची व्हॅन ज्या कारखान्यात झाली तो तीनच वर्षं चालला आणि बंद पडला. दुसऱ्या गाडीचा रोटर तिला एक तर बसत नाही, नाहीतर बसून डुगडुगतो. म्हणजे शोधणं आलं. पुढची एकोणीस वर्षं मी तो रोटर शोधत होतो. दर रविवारी धाकटा यायचा, खुर्ची ओढायचा, दुखरा हात मांडीवर ठेवायचा आणि विचारायचा, मिळाला का? मी सांगायचो, मिळालाच होता रे, पण काय झालं माहितीय?

आणि काय काय झालं होतं. एका शौकीन माणसाकडे अशा अकरा व्हॅन होत्या, प्रत्येकीवर वेगळं ब्लँकेट. मी दारात खोकलो तर ओठांवर बोट ठेवून म्हणाला, हळू, आत्ताच झोपल्यात. रोटर द्यायला तयार झाला, पण बदल्यात माझी मिशी मागितली. म्हणाला, एका गाडीच्या नाकाखाली रिकामं रिकामं वाटतं. मी तिथल्या तिथे दिली. घरी येऊन पाहतो तर रोटर उलटा फिरणारा. धाकट्याने माझ्या सफाचट ओठाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, मिशी गेलीय खरी, म्हणजे गेला असशील.

दुसरा एक भंगारवाला, आंधळा, पण सुट्ट्या भागाला जीभ लावून गाडीचं वर्ष सांगायचा. मी आमच्या व्हॅनची इंजिनातलं तेल मोजायची पट्टी नेली होती. त्याने चाटली आणि ढसाढसा रडायला लागला. म्हणाला, हिची काळजी घेतली नाही कुणी. त्या दिवशी रोटर मागायची माझी छाती झाली नाही.

आणि नदीवरच्या नावाड्याचं तर विचारूच नका. त्याच्या नावेला आमच्याच गाडीचं इंजिन. भर नदीत मी झाकण काढलं, रोटर हातात घेतला, आणि नाव थांबली. अगदी तोच, तीच पितळी पट्टी. वर पाहतो तर चाळीस माणसं माझ्याकडे बघताहेत, आणि मागून धबधब्याचा आवाज. परत लावला. धाकटा म्हणाला, बरं केलंस. मग म्हणाला, मागच्या वेळी त्याच नदीला पूल होता ना? मी म्हटलं, पूल वरच्या अंगाला आहे. तो म्हणाला, अच्छा.

एकही रविवार चुकला नाही. मी आठवडाभर त्याच कामात असायचो. शोधण्याच्या हो.

धाकटा गेल्या वर्षी गेला. शेवटच्या रविवारी तो येऊ शकला नाही, म्हणून मी गेलो. मनात दोन गोष्टी तयार ठेवल्या होत्या, एक लांबची, एक जवळची. पण त्याने रोटरचं विचारलंच नाही. डोळे मिटून पडला होता. म्हणाला, दादा, त्या तिसऱ्या बुटाचं पुढे काय झालं?

तिसऱ्या बुटाची गोष्ट मी त्याला आरसा फुटला त्याच दिवशी सांगत होतो. एक चांभार आणि त्याच्याकडे तीन बुटांचं माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक. ती तिथेच तुटली. एकोणीस वर्षांत त्याने तिचं नाव काढलं नव्हतं, आणि मीही. त्या दिवशी त्याने विचारलं, आणि जन्मात पहिल्यांदा मला पुढचं काही सुचलं नाही. मी म्हटलं, उद्या सांगतो. तो म्हणाला, बरं.

सांगायचं राहिलं.

तर आता परवाची दुपार. व्हॅन माझ्या पुतणीने, म्हणजे धाकट्याच्या मुलीने, नव्याने उभी केली. ती बस चालवते. बोलते कमी, आणि वळणावर तर अजिबात नाही. बाप गेल्यावर तिने अंगणातल्या वेलींच्या जाळीतून ही गाडी उपसून काढली, भाड्याच्या शेडमध्ये आणली, आणि सुट्टीच्या दिवशी एकेक वस्तू शोधत हिंडली. तिचं शोधणं खरं होतं, म्हणून त्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. पुढच्या काचेचं रबर एका बंद पडलेल्या गॅरेजच्या माळ्यावर सापडलं. सिग्नलच्या दिव्याची नारिंगी काच एका न्हाव्याकडे, तो तिच्यात साबणाचा फेस करायचा. दाराच्या मुठीसाठी ती तीन वेळा एकाच म्हातारीकडे गेली, तिन्ही वेळा जेवून आली, चौथ्यांदा मूठ मिळाली. असं करत करत सगळ्या वस्तू जागेवर बसल्या. राहिला रोटर. पुतणीने मला निरोप पाठवला: रविवारी या, पहिल्या फेरीला माझ्या शेजारी तुम्ही बसायचं, आणि रोटरचं काय करायचं ते सांगा, बाबा म्हणायचे की ते काकालाच विचार.

शेजारी बसायचं म्हणजे त्याच सीटवर. एकवीस वर्षं मी तिथे बसलो होतो. माझ्या वयाच्या माणसाला याहून जास्त काय हवं असतं? मी इस्त्रीचा शर्ट घातला.

शेडमध्ये ताज्या रंगाचा वास होता. ठोक्या बोनेटला कान लावून उगीच टकटक करत होता. दाराशी उजेडात शिवणबाई बसल्या होत्या, मांडीवर माझीच ती सीट घेऊन. बाईंनी जन्मभर माणसांचे कपडे शिवले, आता बारीक टाका दिसत नाही म्हणून सीटा आणि गाद्या शिवतात. रेक्झिनची कड दुमडायची, टाचणी लावायची, टाका घालायचा. बोलत नाहीत, कारण तोंडात कायम सात-आठ टाचण्या धरलेल्या. इतकी वर्षं मी त्यांना ओळखतो, त्यांच्या तोंडून चार वाक्यं ऐकली असतील नसतील. मला असा श्रोता आवडतो.

तिथे बसून मी या तिघांना हे सगळं सांगितलं, तुम्हाला सांगितलं तसंच. मिशीला ठोक्या हसला, भंगारवाल्याला पुतणी हसली. तिला सगळ्या गोष्टी पाठ होत्या. बाप रविवारी घरी आला की जेवताना सांगायचा म्हणे, आणि माझ्यापेक्षा चांगल्या सांगायचा.

मग मी शर्टाच्या खिशात हात घातला आणि रोटर काढून तिच्या तळहातावर ठेवला.

ठोक्याचं टकटक थांबलं. मी म्हटलं, हा आमच्याच गाडीचा. हरवला कधीच नव्हता. आरसा फुटला त्या दिवशी सवयीने काढला, सवयीने खिशात टाकला. शर्ट बदलले, पण खिसा हाच. दोन महिन्यांनी धाकटा दारात आला तेव्हाही तो इथेच होता. दिला असता तर गाडी सुरू झाली असती, आणि काच धरायला दुसरं कुणीतरी आलं असतं. मग धाकटा माझ्या दारात कशाला आला असता? ज्याच्या खिशात रोटर, त्याच्या दारात दुसऱ्याने यायचं. नियम त्याचाच होता. मी एवढा एकच पाळला.

पुतणी रोटरकडे बघत होती. पितळी पट्टी माझ्या खिशात घासून घासून सोन्यासारखी झाली होती. मला वाटलं, आता ही रागावेल, आणि रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "काका, बाबांना माहीत होतं. तुमच्या खिशाचा फुगवटा त्यांना दिसायचा. आईला म्हणायचे, अजून आहे, म्हणजे पुढच्या रविवारीही जायचंय."

मी चष्मा पुसला. ठोक्याने पाठ फिरवली आणि नसलेला एक पोचा ठोकायला घेतला.

एवढ्यावर ती उठली असती, रोटर बसवला असता, आणि आम्ही निघालो असतो. पण ती उठली नाही. रोटर मुठीत धरून, मिटलेल्या मुठीकडे बघत बसली.

"एक विचारू?" ती म्हणाली. "बाबा चालता चालता कधी हसायचे नाहीत. हसू आलं की थांबायचे. भिंतीला हात टेकायचा, हसून घ्यायचं, आणि मग पाऊल उचलायचं. रस्त्यातसुद्धा. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांचे बाबा असेच हसतात. नंतर विचारलं तर म्हणाले, एकदा हसण्याच्या नादात दादाचं ऐकलं नाही, त्यात घराचं वाटोळं झालं, आता परत नाही. आईही मरेपर्यंत त्यांना बेसावध म्हणाली. त्यांनी कधी उलट उत्तर दिलं नाही." मग तिने वर पाहिलं. "त्या दिवशी नक्की काय झालं?"

ती बापासारखीच विचारते. मान वळवत नाही.

मी सांगितलं. एका शिवणकामाच्या दुकानात आरसा बसवायचा होता, माणसाच्या उंचीचा, गिऱ्हाइकांनी कपडे घालून बघण्यासाठी. दुकानाची जमीन रस्त्यापेक्षा एक पायरी खाली. पायरी दाराच्या आत, बाहेरून येणाऱ्याला दिसते, उलट्या येणाऱ्याला नाही. धाकटा पाठ, मी डोळा. दार आतल्या बाजूला सताड उघडं होतं, खाली पाचर लावलेली असणार. आत कुणी नव्हतं. मी चांभाराची गोष्ट सांगत होतो आणि धाकटा खदखदून हसत होता. हसू दे की, एकवीस वर्षं हसत होता. उंबरा म्हणालो, तो ओलांडला. मग पायरी आली.

"आणि तुम्ही पायरी म्हणालात?" तिने विचारलं.

बाईंची सुई रेक्झिनमधून कर्रकन बाहेर आली.

"म्हणालो," मी म्हटलं. "म्हणणार नाही असं होईल का? कामच ते माझं. स्वच्छ म्हणालो, पायरी. दोनदा. पण हसणाऱ्या माणसाला आपलंच हसणं ऐकू येतं, त्यात त्याचा दोष नाही, बिचाऱ्याचा. मी कधी त्याला बोल लावला नाही, तूही लावू नकोस. झालं गेलं. चल, बसव तो रोटर, बघू म्हातारी आवाज देते का."

पुतणीने मान डोलावली. बापाने जितक्या मुकाट्याने मान्य केलं असेल तितक्याच मुकाट्याने. ती उठली आणि बोनेटकडे गेली. मीही उठलो, शर्ट नीट केला. ठोक्याने सीट नेण्यासाठी बाईंपुढे हात केले.

बाईंनी सीट सोडली नाही. सुई रेक्झिनमध्ये तशीच टोचून ठेवली. मग तोंडातल्या टाचण्या काढायला लागल्या, एकेक करून, आणि मनगटावरच्या गादीत रोवायला लागल्या. आठ होत्या. मी मोजल्या, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. ठोक्या हात पुढे करून तसाच उभा. पुतणी बोनेटपाशी थांबली.

"ते दुकान माझं," बाई पुतणीला म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. "आणि दाराला पाचर नव्हती. आरसा मोठा, दार मिटेल म्हणून दाराआड मी उभी होते, दोन्ही हातांनी दार धरून. तुझे बाबा माझ्यापासून हातभर अंतरावर होते. मला बघून त्यांनी मान हलवली. त्यांचं हसणं तेव्हाच थांबलं होतं, बाळा. ते ऐकत होते. मीही ऐकत होते. नंतर दवाखान्यात तेच मला म्हणाले, बाई, बोलू नका, तो माझा दादा आहे. म्हणून मी बोलले नाही."

मग त्या माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही पायरी म्हणालाच नाहीत. तुम्ही म्हणालात, 'आणि तिसरा बूट'."